बारकी हरली

आमच्या घरात आवाज चढवून कधी कोणी भांडलं नाही. आमच्याकडे अबोला धरतात. आईनं वडिलांवर धरला, वडिलांनी आईवर धरला, आणि एकदा तर दोघांनी मिळून आत्यावर धरला, तो ती आपल्या घरी परत जाईपर्यंत सोडला नाही. आईचा विक्रम सतरा दिवसांचा. त्या सतरा दिवसांत ती वडिलांशी मांजरामार्फत बोलायची. "मने, सांग त्यांना, जेवण वाढलंय." मांजर बिचारं ताटाकडे बघत बसायचं.

वडिलांमागे आम्हा दोघी बहिणींकडे दोन गोष्टी आल्या, त्यांचं फ्रेमचं दुकान आणि हा अबोला. मी थोरली. मला सगळी गल्ली ताई म्हणते, पोस्टमनसुद्धा, आणि तो माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा आहे. धाकटी ती बारकी. एक्कावन्न वर्षांची झाली, अंगानं माझ्या दीडपट आहे, तरी बारकीच. लग्न दोघींचंही झालं नाही. मला कोणी पसंत पडला नाही, आणि तिला जो पसंत पडला तो मला पसंत पडला नाही.

दुकानात लाकूड आणि काच कापायचं काम तिचं. फोटोभोवती जाड कागदाची चौकट चिकटवायची, मागून पुठ्ठा बसवायचा, कडेनं कागदी पट्टी मारायची आणि गिऱ्हाइकांशी बोलायचं, हे माझं. बोलायचं काम माझ्याकडे आलं ते उगीच नाही. तिचं टेबल खिडकीपाशी, माझं दाराकडे तोंड करून. म्हणजे दोघींच्या पाठीला पाठ. अबोल्याला ही मांडणी फार सोयीची.

अबोल्याचे नियम आईचे. कारण सांगायचं नाही, ते समोरच्याला आपसूक कळलं पाहिजे. आणि बघायचं नाही. ती समोरून गेली तर भिंतीकडे बघायचं, पण तिच्याकडे नाही. बघितलं की हसू येतं आणि सगळं मुसळ केरात. जी आधी बोलेल ती हरली, आणि हरलेलीनं चहा करायचा. नंतर वाद नको म्हणून लाकूडवाल्याकडून दर वर्षी येणाऱ्या कॅलेंडरवर मी पेन्सिलीनं लिहून ठेवायचे. 'ताई हरली.' 'बारकी हरली.' बहुतेक वेळा ताईच हरायची, कारण गप्प बसणं हे ताईच्या हाडातच नाही.

हे मी हसत सांगतेय खरी, पण पुढचं हसण्यासारखं नाही. माझ्या हातून जे झालं ते या कॅलेंडरशिवाय झालं नसतं, म्हणून आधी ते सांगितलं.

मागच्या वर्षी बारकीची काच वाकडी कापली जायला लागली. तीस वर्षं जिच्या हातून केसभर रेघ चुकली नाही, तिच्या. मग डोकं दुखायला लागलं. मग एकदा तिनं मलाच विचारलं, "ताई, काहीतरी जळतंय का गं?" काही जळत नव्हतं. तपासण्या झाल्या. कानाच्या वर, आतल्या बाजूला लिंबाएवढी गाठ निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गाठ साधी आहे, कॅन्सरची नाही. पण जागा अवघड आहे." ऑपरेशनला पाच तास लागले. मी बाहेरच्या बाकावर बसून होते आणि माझ्या तोंडून कोणाशीही एक शब्द निघाला नाही, यावरून काय ते समजा.

शुद्धीवर आल्यावर कानापासून कपाळापर्यंतचे टाके दाखवून ती मला म्हणाली, "बघ गं ताई, कोपरे नीट जुळलेत का. नाहीतर परत उघडायला सांग." मी हसले आणि मग बाहेर जाऊन रडले.

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवलं. अशा ऑपरेशननंतर काही पेशंटना झटके येतात, म्हणाल्या. मेंदूवर जिथे व्रण असतो तिथून उठतात. ते येऊ नयेत म्हणून सकाळ-संध्याकाळ गोळ्या. धारदार हत्यार आणि काच सध्या बंद. आणि एक छोटी वही दिली. तारीख, वेळ, किती वेळ, काय झालं, असे रकाने पाडलेली. "झटका आला की यात लिहायचं. सहा महिने काही आलं नाही तर गोळ्या हळूहळू कमी करू."

झटका म्हणजे काय ते मला माहीत होतं. आमच्या शाळेच्या शिपायाला आकडी यायची. धाडकन पडायचा, हातपाय ताठ, तोंडाला फेस. त्यात न समजण्यासारखं काय आहे? डॉक्टरीणबाई पुढे लहान झटक्यांचं काहीतरी सांगत होत्या, एक छापील कागदही दिला. मी "हो हो" म्हणत तो वहीत सारला आणि वही पिशवीत टाकली. मला सगळं येतं, असं मला वाटतं. हा माझा जुना आजार, त्याच्यावर गोळी निघालेली नाही.

बारकीच्या गोळ्यांच्या बाबतीत मात्र मी घड्याळ होते. एक गोळी चुकली नाही. दर रविवारी ती वही काढून सुवाच्य अक्षरात लिहायचे, 'काही नाही.'

दोन महिन्यांनी बारकी दुकानात यायला लागली. अर्धाच दिवस. काच बंद, करवत बंद. फ्रेमच्या लाकडी पट्ट्यांना पॉलिश पेपर घासायचा, खिळे मापानं वेगळे करायचे, एवढंच काम. कंटाळायची. मी सकाळी तिला बोलले होते, की खिळे सगळे मिसळून ठेवलेत, डोळे कुठे असतात तुझे? दुपारी एका फुटबॉल संघाचा फोटो आला. मी मान वळवून विचारलं, "बारके, याला काळी पट्टी की सोनेरी?"

उत्तर नाही.

पॉलिश पेपर हातात तसाच, नजर समोरच्या भिंतीवर. परत विचारलं. ढिम्म. वर तोंडात काही नसताना चावल्यासारखं करतेय, ओठांचा चक् चक् आवाज, आणि एका हातानं एप्रनच्या बटणाशी चाळा. मला वाटलं, वा गं वा! खिळ्यांवरून बोलले ते झोंबलं वाटतं. आणि वर वेडावून दाखवतेय. मी इथे एकटी दोघींचं काम ओढतेय आणि ही रुसून बसलीय.

मी पाठ फिरवली. नियम म्हणजे नियम.

थोड्या वेळानं मागून आवाज आला, "ताई, काही म्हणालीस का?" घ्या, आता भोळेपणाचा आव! मी बोलले नाही. आणखी तासाभरानं ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. "ताई, माझं काही चुकलं का गं? चुकलं असेल तर सॉरी." मी पेन्सिल घेतली आणि कॅलेंडरवर लिहिलं, 'बारकी हरली.' तिनं चहा केला.

पुढच्या आठवड्यात परत तेच. मग दहा दिवसांनी. एकदा एकाच आठवड्यात दोनदा. प्रत्येक वेळी काहीतरी कारण मला सापडायचंच. आम्ही चोवीस तास एकत्र असतो, कारणांना काय तोटा? तिचं ते भिंतीकडे बघणं, ते चावणं, की मी पाठ फिरवायचे. आणि दर वेळी बारकीच हरायची, तेही दोन-तीन तासांत. पूर्वी तिनं मला चार-चार दिवस झुलवलंय. मला वाटलं, आजारानं हिची जिद्द गेली. आणि खोटं कशाला बोलू, मला जिंकायला बरं वाटत होतं. आयुष्यभर हरत आलेली मी, ओळीनं जिंकत होते.

एकदा तर शेजारच्या शाळेच्या मुख्याध्यापिका समोर असताना तिनं तोच प्रकार केला. बाईंनी तिला काहीतरी विचारलं, हिचं लक्ष नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी हसत हसत म्हणाले, "डॉक्टरांनी गाठ काढली, पण खोडी तशीच ठेवली आत." बाई हसल्या. मी पण हसले. बारकी बटण चाचपत होती. त्या दिवशीही तिनंच येऊन सॉरी म्हटलं.

सहा महिन्यांनी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी वही चाळली. पानामागून पान, 'काही नाही.' म्हणाल्या, "इतकी नीटनेटकी वही माझ्याकडे कोणी आणत नाही." मी फुगले. बारकी म्हणाली, "ताईच्या नजरेतून मुंगी सुटत नाही, डॉक्टर."

मग त्यांनी तिला विचारलं, "तुम्हाला स्वतःला काही जाणवतं का?"

बारकी म्हणाली, "कधी कधी मधलं काहीतरी निसटल्यासारखं होतं. म्हणजे, मी अमुक करत होते आणि एकदम..."

"अहो, ती जन्माची विसराळू आहे," मी म्हणाले. "शाळेत दप्तर विसरून यायची."

डॉक्टरीणबाई हसल्या. बारकीपण हसली. माझ्या त्या एका वाक्यानं तिचं तोंड बंद झालं, आणि गोळ्या कमी करायचा कागद आमच्या हातात आला. काचेलाही परवानगी मिळाली. लहान लहान तुकडे, सोबत कोणीतरी असताना. सोबत मी होतेच की.

बारकीला इतका आनंद झाला, की घरी जाताना रस्त्यात ती माझा हात धरून चालली. लहानपणी धरायची तसा.

त्यानंतरचा तिसरा आठवडा. सकाळचे अकरा. एका प्रमाणपत्राची फ्रेम होती. मी मागच्या पुठ्ठ्याला पट्टी मारत होते. विचारलं, "बारके, झाली का काच?"

उत्तर नाही. आणि मागून तो आवाज, चक् चक्.

झालं, म्हटलं, सुरू! सकाळी मी तिला चष्म्यावरून बोलले होते. मी वळलेसुद्धा नाही. उलट पाठ आणखी ताठ केली. मग काच फुटली. साधी नाही, अख्खी मोठी काच जमिनीवर यावी तशी. आणि मी, तिची सख्खी बहीण, भिंतीकडे बघत म्हणाले, "फोड! सगळं फोड! बापाचंच दुकान आहे आपल्या."

मागे टेबलाच्या लाकडी फळीवर टाचा आपटल्याचा आवाज यायला लागला. धाड धाड धाड. मला वाटलं, पाय आपटतेय. एक्कावन्न वर्षांची घोडी पाय आपटतेय. मी पट्टी पूर्ण मारली. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, वर बोटानं दाबून हवा काढली. तेवढा वेळ. तेवढा वेळ ती मागे जमिनीवर होती.

मग तिच्या घशातून घरघर आली. तो आवाज अबोल्याचा नव्हता. मी वळले.

तिचा चेहरा निळा पडला होता. डोळे वर. डावा हात काचेच्या तुकड्यांत आपटत होता आणि एप्रनवर रक्त. मी तिला काचेतून बाजूला ओढलं, कुशीवर केलं, डोक्याखाली माझा एप्रन दिला. शेजारचा चांभार धावत आला, त्यानं चमचा आणला तोंडात घालायला. मी त्याला ढकलून दिलं, अँब्युलन्स बोलाव म्हणून ओरडले. एवढं मला येत होतं. मोठ्या झटक्याचं सगळं मला पाठ होतं.

दवाखान्यात हाताला नऊ टाके पडले. जीभ चावली गेली होती. दुपारी डॉक्टरीणबाई आल्या. बारकी जागी होती, पण सुस्त. त्यांनी विचारलं, "झटका किती वेळ चालला?"

"दोन मिनिटं," मी म्हणाले. वळल्यापासून दोन. त्याआधीचं कोणाला माहीत?

"या आधी लहान झटके कधी आले होते का? हे बघा, असे." आणि त्यांनी करून दाखवलं. एकदम थांबल्या. नजर भिंतीवर नेली. ओठांनी चक् चक् केलं आणि कोटाच्या बटणाशी बोटं चाळवली. "मिनिट-दोन मिनिटं असं होतं. हाक मारली तरी ऐकू येत नाही. नंतर माणसाला काहीच आठवत नाही. झालंय का असं?"

तो आवाज, तो बटणाशी चाळा मी ओळखला. मी पलंगाची कड धरली. बारकी माझ्याकडे बघत होती. पांढऱ्याफटक चेहऱ्यानं, सगळं ताईला माहीत असतं अशा नजरेनं.

"नाही," मी म्हणाले. "असं काही नाही."

"मग ठीक. डोस कमी केल्यामुळे झालं असणार. पहिल्या डोसवर काही नव्हतं ना, तोच परत सुरू करू, तेवढा पुरेल. त्या डोसवरसुद्धा येत असते तर दुसरं औषध जोडावं लागलं असतं."

त्या गेल्या. मी तिथेच उभी. माझ्या एका 'नाही'मुळे माझ्या बहिणीला अपुरं औषध मिळणार होतं, हे मला कळलं होतं. कळून मी गप्प होते. बारकीसमोर कसं सांगू? तू मरणाच्या दारात होतीस तेव्हा मी तुझ्यावर रुसले होते, हे कोणत्या तोंडानं सांगू? मी तिचं पांघरूण सारखं केलं आणि घरी आले. अन्न गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं. काच तशीच पडली होती. झाडली. रक्त वाळलं होतं ते ओल्या फडक्यानं पुसलं. मग पिशवीतून वही काढली आणि तिच्यात सारलेला तो छापील कागद पहिल्यांदा उलगडला. टक लावून बघणं. तोंड चावल्यासारखं करणं. कपड्याशी चाळा. विचारलेलं न ऐकणं. नंतर गोंधळ, मधलं काही न आठवणं. सगळं लिहिलेलं होतं. मोठ्या अक्षरांत, मराठीत, माझ्यासारख्या शहाणीला कळावं म्हणून चित्रांसकट.

समोर भिंतीवर कॅलेंडर. मी पानं मागे उलटली. बारकी हरली. बारकी हरली. बारकी हरली. मोजले, अकरा. डॉक्टरांच्या वहीत ज्या सगळ्या तारखा मी कोऱ्या ठेवल्या होत्या, त्या इथे होत्या. माझ्याच अक्षरात.

अकरा वेळा तिच्या मेंदूत वीज कडाडून गेली, आणि शुद्धीवर आल्यावर तिला काय दिसलं? माझी पाठ. काही आठवत नाही, काही समजत नाही, आणि ताई बोलत नाही. तरी दर वेळी ती माझ्या टेबलाशी आली, सॉरी म्हणाली आणि चहा केला. आणि मी तो चहा प्यायले.

मी तिच्या स्टुलावर बसले. तोंडात एप्रन कोंबून रडले. आणि रडून झाल्यावर काय केलं असेल? खोडरबर घेतलं. हो. रडणारी बाई चांगलीच असते असं नाही. पहिली तारीख मी खोडलीसुद्धा. पेन्सिलीचं काय, पुसली की गेली. वही कोरी, कॅलेंडर कोरं, बारकीला आठवत नाही. जगात कोणाला कळणार?

तेवढ्यात फोन वाजला. नर्सच्या फोनवरून बारकी. जीभ सुजल्यामुळे बोबडी बोलत होती.

"ताई, काच फुटली ना गं माझ्याकडून? मोठी होती ना?... सॉरी हं. रागावू नकोस."

ही बारावी.

मी खोडरबर टाकलं. कॅलेंडर खिळ्यावरून काढलं, गुंडाळलं आणि तशीच निघाले. दुकानाला कुलूप लावायचं राहिलं. चांभारानं लावलं.

डॉक्टरीणबाई राउंडवर होत्या. मी बारकीच्या पलंगावर, तिच्या पायांवर ते कॅलेंडर पसरलं. वाटलं होतं त्यांना बाहेर बोलवून सांगावं, हळूच. पण बाहेर सांगितलं असतं तर परत तिच्या पाठीमागेच झालं असतं, आणि पाठ करून मी खूप काही केलं होतं.

"डॉक्टर, काल मी खोटं बोलले," मी म्हणाले. "हे घ्या. ही खरी वही."

त्यांनी पानं बघितली. "बारकी हरली म्हणजे?"

मी सांगितलं. मांजरापासून सगळं सांगितलं. चक् चक् आवाज, बटण, मुख्याध्यापिका, सॉरी, चहा. "अकरा आहेत. एक सकाळी मी पुसलीय, इथे बघा, खूण दिसतेय. तीपण धरा."

"आणि कालचा मोठा झटका, दोन मिनिटं?"

"माहीत नाही. मी पाठ करून उभी होते. काच फुटली तेव्हा पण वळले नाही. फोड म्हणाले तिला."

त्या मला बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. खुर्ची ओढून बसल्या आणि एक-एक तारीख कागदावर उतरवून घेतली. सगळ्या खऱ्या झटक्यांच्याच नसतील, एखादा साधा रुसवाही असेल, म्हणाल्या, पण गोळ्या चालू असताना हे येत होते हे नक्की. आज दुसरं औषध जोडू. "आणि इथून पुढे त्या गप्प झाल्या, की समोर जायचं. चेहरा बघायचा. हात वर करा म्हणायचं. केला तर ठीक. नाही केला तर घड्याळ लावायचं आणि लिहायचं."

त्या गेल्या. बारकी कॅलेंडरकडे बघत होती. बोट एकेका तारखेवरून फिरवत होती.

"मला वाटायचं, तू मला कंटाळलीस," ती म्हणाली. "दर वेळी मी आठवत बसायचे, मी हिला काय बोलले असेन? काही आठवायचंच नाही. मग वाटायचं, गाठीबरोबर त्यांनी माझ्यातलं चांगलं पण काढून टाकलं की काय. मी काहीतरी घाण बोलत असणार, म्हणून ताई तोंड बघत नाही माझं."

"बारके..."

तिनं कॅलेंडर पायावरून ढकललं, ते खाली पडलं. ती भिंतीकडे वळली.

मी पलंगाला वळसा घालून भिंत आणि पलंग यांच्या मधल्या फटीत शिरले. गुडघ्यावर बसले. तिचे डोळे उघडे, कोरडे, माझ्या आरपार. "बारके, हात वर कर."

तिनं हात वर केला. टाक्यांचा नाही, दुसरा. आणि डोळे मिटून घेतले.

झटका नव्हता. अबोला होता, आणि खरा होता.

घरी येऊन आज पाच दिवस झाले. नवीन औषध चालू आहे. अजून एकही झटका नाही. वहीत मी आता रोज लिहिते, आणि 'काही नाही' लिहिताना दहा वेळा विचार करते. बारकी माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. मी हरले म्हटलं, मोठ्यानं म्हटलं. कॅलेंडरवर लिहिलं, 'ताई हरली', पेनानं. अकरा वेळा सॉरी म्हटलं, मोजून, बाराव्यांदाही म्हटलं. कपामागून कप चहा केला. ती चहा पिते, कप धुऊन ठेवते, बोलत नाही. हरलेली कबूल झाली की अबोला संपतो, हा आईचा नियम. बारकीनं तो मोडला, आणि बरोबर केलं. मीही माझ्यावर धरला असता.

दुकानात मी माझं टेबल फिरवून घेतलंय. चांभारानं मदत केली. आता दाराकडे माझी पाठ आणि बारकीकडे तोंड. गिऱ्हाइकं मागून खोकतात, खोकोत. अबोला धरलेल्या बाईकडे टक लावून बघत बसायचं, हे काही आईनं शिकवलेलं नाही. अवघड जातं. तिच्या कपाळावरचा व्रण दिसतो. कानाकडे त्याच्या कडेनं केस उगवलेत, पांढरे. माझं तिकडे कधी लक्षच गेलं नव्हतं. हाताच्या टाक्यांवर पट्टी आहे, ती मी रोज बदलते. त्या वेळी ती छताकडे बघते.

ती जरा गप्प झाली, म्हणजे हातातलं काम थांबलं, की मी उठते. समोर जाते. "हात वर कर." ती करते. दात आवळून, माझ्याकडे न बघता, पण करते. पहिल्या दिवशी वीस वेळा तरी झालं असेल. मला भीती वाटायची की एकदा तरी ती मुद्दाम करणार नाही, मला तडफडायला लावायला. मी तिच्या जागी असते तर केलं असतं. तिनं केलं नाही.

आज दुपारची गोष्ट. ऊन खिडकीतून तिच्या टेबलावर आलं होतं. ती खिळे निवडत होती, बारीक इकडे, मोठे तिकडे. मग तिची बोटं थांबली. मान खिडकीकडे. हालचाल नाही. मी एक मोजलं, दोन मोजलं, गोंदाचा ब्रश खाली ठेवला आणि स्टूल मागे सरकवलं. स्टुलाचा पाय फरशीवर कर्रकन वाजला.

मी तोंड उघडायच्या आत तिनं हात वर केला. खिडकीकडेच बघत होती. मी परत खाली बसेपर्यंत तो तसाच वर होता.